मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या नॉन-लीग क्लबच्या संघात नाव घालायचंय, भारतातून क्लिअरन्स किती दिवसांत येतो?

पेठेतला_विंगर
नमस्कार मंडळी. घाई आहे म्हणून थोडक्यात लिहितो. इथल्या एका क्लबनं मला घ्यायचं ठरवलंय. प्री-सीझनच्या मॅची खेळलो, मॅनेजर खूश आहे, उजव्या विंगला त्यांच्याकडं माणूसच नाही. पण सेक्रेटरी म्हणतो, भारतातून इंटरनॅशनल क्लिअरन्स, म्हणजे तिकडच्या फेडरेशननं खेळाडूला मोकळं केल्याचा कागद, आल्याशिवाय टीमशीटवर नाव घालता येणार नाही. शनिवारी घरच्या मैदानावर लीगची मॅच आहे. क्लिअरन्स किती दिवसांत येतो आणि लवकर यावा म्हणून कुणाला फोन करायचा? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा प्लीज. नेटवर सगळं मोठ्या प्रोफेशनल खेळाडूंचंच आहे.

तांबडापांढरा
नाद खुळा भावा! अभिनंदन! कुठल्या पेठेचा? कुठल्या तालमीच्या फुटबॉल संघाकडनं खेळत होतास?

मिडलंड्सकर
क्लबचं नाव नको सांगूस, पण कुठल्या स्टेपला आहे ते तरी सांग. वरच्या चार व्यावसायिक लीगच्या खालची नॅशनल लीग म्हणजे स्टेप १, आणि तिथून खाली गावातल्या मैदानापर्यंत सगळं नॉन-लीगच. स्टेप १ चे बरेच क्लब पूर्णवेळ प्रोफेशनल आहेत, स्टेप ६ ला सामना संपल्यावर खेळाडूच जाळी काढतात. उत्तर त्यावर बदलतं.

यॉर्कशायरची_अनघा
मी एका छोट्या क्लबात खेळाडूंच्या नोंदणीचं काम बघते, स्वयंसेवक म्हणून. काही गोष्टी कळल्याशिवाय सांगता येणार नाही. भारतात शेवटची नोंदणी कुठल्या क्लबकडे होती आणि शेवटची मॅच साधारण कधी खेळलास? वय १८ च्या वर आहे ना? एआयएफएफच्या, म्हणजे भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या, सीआरएस ह्या खेळाडू-नोंदणी प्रणालीत तुझं नाव आहे का? आणि इंग्लंडमध्ये कोणत्या व्हिसावर आहेस?

पुणे_तीस
ब्लॅकबर्न रोव्हर्सचे मालक आपल्या पुण्याचेच, व्यंकीज. २०१० पासून क्लब त्यांच्याकडे आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव, जो २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला, तोही तिथे सरावासाठी गेला होता. छोट्या क्लबात वेळ घालवण्यापेक्षा तिथे ट्रायल का मागत नाहीस? चांगल्या शिफारसपत्राचा नमुना हवा असेल तर सांग, माझ्याकडे आहे.

पेठेतला_विंगर
@तांबडापांढरा मंगळवार पेठ. तालमीचं नाव इथं नको, मग धागा भलतीकडंच जाईल.
@अनघा ताई, स्टेप ५ आहे. वय २४. शेवटचं केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, सीनियर लीगला खेळलो, शाहू स्टेडियमवर. सीआरएसचा आयडी आहे. पण व्हिसाचा इथं काय संबंध? क्लब मला एक पैसा देणार नाही, पेट्रोलचे पण नाही. नॉन-कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे बिनकराराची नोंदणी आहे. फक्त क्लिअरन्सचं सांगा.
@पुणे_तीस मी ट्रायल मागतच नाहीये. माझा क्लब ठरलाय.

तांबडापांढरा
मंगळवार पेठ म्हटल्यावर कळलं भावा 🙂 शाहू स्टेडियमच्या गर्दीपुढं खेळलेल्या पोराला स्टेप ५ ला कशाची भीती? तिकडं मॅचला माणसं तरी येतात का? आपल्याकडं फायनलला पाय ठेवायला जागा नसते.

यॉर्कशायरची_अनघा
आधी क्लिअरन्सचं सांगते. तो तू मागायचा नसतो आणि तुझ्या तालमीनंही पाठवायचा नसतो. तुझा सेक्रेटरी इथल्या एफएकडे, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेकडे, अर्ज करतो, एफए भारताच्या फेडरेशनकडे मागणी पाठवते आणि उत्तर तिकडून एफएलाच येतं. मोठा व्यावसायिक असो की हौशी, परदेशात नोंदणी झालेल्या प्रत्येकाला हे लागतंच. म्हणून फोन करून फारसं काही हलत नाही. तुझ्या हातात एकच आहे, अर्जातली माहिती अचूक देणं. पासपोर्टवरचं नाव आणि सीआरएसमधलं नाव जुळतंय का बघ. आपल्याकडे वडिलांचं नाव एका ठिकाणी असतं, दुसऱ्या ठिकाणी नसतं, आणि कागद तिथेच अडकतात. तालमीकडची नोंदणी अजून चालू दिसत असेल तर त्यांना ती मोकळी करायला सांग. ते काम मात्र कोल्हापुरातूनच होईल आणि आजच करून घे. शनिवार विसर. कुणीही तुला ठरावीक दिवस सांगत असेल तर विश्वास ठेवू नकोस.

आता व्हिसा. तू उत्तर दिलेलं नाहीस आणि तुझा खरा प्रश्न तोच असणार असं मला वाटतंय. स्टुडंट व्हिसा आहे का?

फुटबॉलवेडा_सातारा
नॉन-लीगला कमी समजू नका कुणी. जेमी वार्डी स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडून आठवड्याला ३० पौंडांवर खेळायचा, सोबत कारखान्यात काम. मग हॅलिफॅक्स, मग फ्लीटवुड. २०१२ मध्ये लेस्टरनं १० लाख पौंड मोजले आणि २०१६ ला प्रीमियर लीग जिंकली. २०१७ मध्ये लिंकन सिटी नॉन-लीगमध्ये असताना बर्नलीला हरवून एफए कपच्या उपांत्यपूर्व फेरीत गेली. २०२१ च्या जानेवारीत आठव्या पातळीवरच्या मरीन क्लबच्या मैदानावर टॉटनम आलं होतं, मागच्या घरांच्या परसातून लोक मॅच बघत होते. मित्रा, खेळ तू!

लाल_मैदान
व्हिसाचा बागुलबुवा करू नका. माझा मावसभाऊ शिकायला होता तेव्हा असाच एका क्लबकडून पूर्ण सीझन खेळला. कुणी काही विचारलं नाही. पैसे घेतले तर नोकरी, नाही घेतले तर हौस. साधा हिशोब आहे.

मिडलंड्सकर
@लाल_मैदान हा हिशोब चुकीचा आहे आणि ह्याच हिशोबानं पोरं अडचणीत येतात. ब्रिटनच्या इमिग्रेशन नियमांत प्रोफेशनल स्पोर्ट्सपर्सनची जी व्याख्या आहे, तिच्यात पैसे मिळोत वा न मिळोत, हे स्पष्ट लिहिलंय. प्रोफेशनल किंवा सेमी-प्रोफेशनल संघाकडे नोंदणी असणं एवढंसुद्धा त्यात बसतं. कोचिंगही बसतं. स्टुडंट व्हिसावर हे करायला बंदी आहे. मावसभावाला कुणी विचारलं नाही, कारण कुणी बघितलं नाही. पण पुढच्या व्हिसाच्या अर्जाच्या वेळी बघितलं तर? टीमशीट, गोल करणाऱ्यांची नावं, फोटो, सगळं क्लबच्या पानावर कायमचं असतं.

लाल_मैदान
स्टेप ५ ला कोण सेमी-प्रो म्हणेल हो? प्लंबर आणि मास्तर खेळतात तिथे.

मिडलंड्सकर
प्लंबर आणि मास्तरच सेमी-प्रो असतात! माझा मुलगा स्टेप ४ ला खेळतो, त्याचाच संघ सांगतो. सेंटर-बॅक प्लंबर आहे, मंगळवारी रात्रीची बाहेरगावची मॅच असली की दुपारी दोनला काम सोडून निघतो. कॅप्टन शाळेत पीटी शिकवतो. दोन पोरं मोठ्या क्लबांच्या अकादमीतून १८ व्या वर्षी बाहेर पडलेली. लहानपणापासून दुसरं काहीच केलेलं नाही, आता गोदामात शिफ्ट करतात आणि मंगळवार-गुरुवार सरावाला येतात. त्यांच्याकडे बघून मला फार वाईट वाटतं. गोलकीपर लीग टू क्लबचा, महिन्यापुरता उधारीवर आलेला, तो परत गेला की पुन्हा शोधाशोध. काहींना मॅचमागे पैसे मिळतात, काहींना फक्त प्रवासखर्च, काहींना तोही नाही, आणि कुणाला किती हे ड्रेसिंग रूममध्ये कुणी बोलत नाही. ऑगस्टमधला संघ आणि मार्चमधला संघ शेजारी ठेवले तर निम्मी नावं ओळखू येत नाहीत.

आणि विंगर, हे तुझ्यासाठी. मॅनेजर आज खूश आहे, गुरुवारी त्याला दुसरा विंगर मिळाला की तू बाकावर. त्या एका शनिवारसाठी व्हिसा पणाला लावू नकोस.

खेळगडी_ठाणे
नॉन-कॉन्ट्रॅक्ट असेल तर दुसरा क्लब कधीही पळवू शकतो ना? मग तू दोन-तीन क्लबांशी एकदमच बोल. मी असतो तर तेच केलं असतं.

यॉर्कशायरची_अनघा
@खेळगडी_ठाणे कधीही नाही. नॉन-कॉन्ट्रॅक्ट खेळाडूशी बोलायच्या आधी दुसऱ्या क्लबनं त्याच्या क्लबला सात दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आमच्याकडे अशी नोटीस आली की दिवसभर फोन सुरू असतात. पण त्याचा इथे संबंध नाही, ह्या मुलाची नोंदणीच झालेली नाही.

पेठेतला_विंगर
बरं. स्टुडंट व्हिसा आहे. एमएस्सी, सप्टेंबरात संपतंय. पण मग ग्रॅज्युएट व्हिसा मिळणार, त्यावर कुठलंही काम करता येतं असं सगळेच म्हणतात. म्हणजे महिनाभराचाच प्रश्न ना? तोवर क्लिअरन्स मागून ठेवला तर? आमचा क्लब एफए वाझ ही खालच्या पातळीवरच्या क्लबांची कप स्पर्धा खेळतो, त्याची फायनल वेम्बलीवर असते. लहानपणापासून टीव्हीवर बघितलेलं मैदान आहे ते. इथं मला पहिल्यांदाच कुणीतरी, तू संघात पाहिजेस, असं म्हटलंय. ते सोडायला सांगणं सोपं आहे.

मिडलंड्सकर
ग्रॅज्युएट व्हिसावर जवळजवळ कुठलंही काम चालतं, पण प्रोफेशनल स्पोर्ट्सपर्सन म्हणून नाही. तिथेही तीच अट. डिपेंडंट व्हिसावर आलेल्यांनाही तीच. महिनाभर थांबून हा प्रश्न सुटत नाही.

अबोली
माझी बहीण डिपेंडंट म्हणून जाणार आहे, तिला झुंबा शिकवता येईल का? धागा वाचून काळजी वाटायला लागली.

यॉर्कशायरची_अनघा
@अबोली वेगळा धागा काढा, तिथे उत्तर देते.

@पेठेतला_विंगर सोपं नाहीये, माहीत आहे मला. आमच्याकडे केरळचा एक मुलगा असाच होता, सरावात सगळ्यांत वेगवान. मॅनेजर माझ्यावर चिडला, पण मी त्याची नोंदणी केली नाही. त्या मुलाचा चेहरा मला अजून दिसतो आणि तरीही मी आजही तेच करेन.

आता थोडी बारीक गोष्ट, कारण @लाल_मैदान यांच्या म्हणण्यात एक धागा बरोबर आहे. नियमांत हौशी खेळाडूला जागा आहे. निव्वळ स्वतःच्या आनंदासाठी खेळणारा आणि त्यातून पोट भरू न बघणारा, अशी ती व्याख्या. त्यामुळे तुझा क्लब कुठल्या बाजूला बसतो ह्यावर सगळं आहे. स्टेप ५ ला एकाच लीगमध्ये पैसे देणारे क्लब आहेत आणि अजिबात न देणारेही आहेत. तुला ते देत नाहीत एवढं पुरेसं नाही, संघात दुसऱ्या कुणाला देतात का, हा प्रश्न विचार. हे मी, मिडलंड्सकर काका किंवा ह्या धाग्यावरचं कुणीच ठरवू शकत नाही. तुझ्या विद्यापीठात आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना व्हिसाचा सल्ला देणारा विभाग असेल, तो फुकट असतो. त्यांच्याकडून लेखी घे. तोंडी नको.

लाल_मैदान
विद्यापीठवाले नेहमी नाहीच म्हणतात, त्यांना स्वतःची कातडी वाचवायची असते.

मिडलंड्सकर
म्हणू देत. विद्यार्थ्याचे प्रायोजक तेच आहेत, व्हिसा त्यांच्या नावावर उभा आहे. त्यांना अंधारात ठेवून काय मिळवायचंय?

तांबडापांढरा
भावा, मन मोडू नको. डिग्री घे आणि परत ये. इकडं चांगला विंगर कुठल्या तालमीला नको असतो? तुझ्या पेठेला नको असशील तर आमच्याकडं ये.

रंकाळा_चौपाटी
@तांबडापांढरा आमची पोरं पळवायला लागला का आता? गेल्या सीझनला गोलच्या समोरून चेंडू बाहेर मारणारे कोण होते, सांगू का?

यॉर्कशायरची_अनघा
केएसएची भांडणं कृपया दुसरीकडे.

विंगर, उत्तर येईपर्यंत खेळणं बंद करायची गरज नाही. विद्यापीठाचा संघ आहे ना? आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या मॅची बुधवारी दुपारी असतात. रविवारच्या लीगमध्ये निव्वळ हौशी संघ भरपूर आहेत, त्यांना उजव्या पायाचा वेगवान माणूस नेहमी हवा असतो. फक्त, तिथेही एफएशी संलग्न क्लबकडे नोंदणी करायची तर भारताचा क्लिअरन्स लागेलच. म्हणून सीआरएसमधलं नाव दुरुस्त करून घेण्याचं काम वाया जात नाही.

पेठेतला_विंगर
सेक्रेटरीशी बोललो. संघात चार जणांना मॅचमागे पैसे देतात म्हणाला. मग मी व्हिसाचं सांगितलं, तर त्यानं अर्ज थांबवला. स्वतःच म्हणाला की लेखी उत्तर येईपर्यंत टीमशीटवर नाव नाही. मॅनेजर म्हणतोय सरावाला येत राहा. सरावाला जाऊ का नको? आणि विद्यापीठाला नेमकं काय लिहू? मला ह्या भाषेत लिहिता येत नाही.

मिडलंड्सकर
चार जणांना पैसे म्हणजे माझ्या मते उत्तर नाही असंच येईल. पण विचार.

यॉर्कशायरची_अनघा
सरावाचंही त्याच मेलमध्ये विचार, तोवर जाऊ नकोस. मेल लहान ठेव. मी स्टुडंट व्हिसावर आहे, अभ्यासक्रम सप्टेंबरात संपतो, पुढे ग्रॅज्युएट व्हिसासाठी अर्ज करणार आहे. अमुक क्लब, अमुक लीग, नॅशनल लीग सिस्टीमची स्टेप ५. मला मानधन किंवा खर्च मिळणार नाही, पण संघातल्या काहींना मिळतो. भारतात अमुक वर्षापर्यंत जिल्ह्याच्या लीगमध्ये नोंदणीकृत खेळाडू होतो. राज्याकडून किंवा देशाकडून खेळला असशील तर तेही लिही, लपवू नकोस, त्या व्याख्येत त्याचाही विचार होतो. मग तीन प्रश्न: ह्या क्लबकडे नोंदणी करून सामने खेळता येतील का, नोंदणी न करता सराव करता येईल का, आणि ग्रॅज्युएट व्हिसावर उत्तर बदलेल का. उत्तर आलं की सेक्रेटरीलाही पाठव.

पेठेतला_विंगर
ताई, संतोष ट्रॉफीच्या, म्हणजे राज्यांच्या संघांच्या स्पर्धेच्या, निवड शिबिराला गेलो होतो, अंतिम संघात नव्हतो. तेही लिहू?

यॉर्कशायरची_अनघा
लिही.

पेठेतला_विंगर
पाठवला मेल. उत्तर आलं की इथंच टाकतो.