अमेरिकेत चार्टर शाळा: नियोजन अनुदानातून काय काय होतं?

प्रश्न: मराठीही शिकवणारी चार्टर शाळा (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणारी शाळा) काढायची आहे. चार्टरची, म्हणजे ती चालवण्याच्या कराराची, मान्यता अजून मिळालेली नाही. तरी केंद्रीय अनुदानासाठी अर्ज करता येतो का? इमारतीचा खर्च त्यात बसेल का?

उत्तर १: येतो. पण मान्यता देणाऱ्या संस्थेकडे चार्टरचा अर्ज गेलेला हवा आणि अनुदान मागताय हे तिला वेळेत कळवलेलं हवं. अनुदानाची मुदत जास्तीत जास्त ५ वर्षं, त्यात नियोजनाला १८ महिन्यांपर्यंत. नवं बांधकाम मात्र बसत नाही. किरकोळ दुरुस्ती, बाकं, पुस्तकं, शिक्षकांचं प्रशिक्षण बसतं.

उत्तर २: गाडी अडते ती रोख पैशावर. बऱ्याच ठिकाणी आधी स्वतः खर्च करायचा, मग भरपाई मिळते. दोन-तीन महिन्यांच्या खर्चाची सोय हाताशी ठेवाच. अनुदान मंजूर होण्याआधीच्या तारखेचं बिल सहसा नाकारतात. आणि कृपया, संचालकांच्या नातेवाइकांकडून बाकं घेऊ नका. हितसंबंधांच्या नियमात हमखास अडकाल.

उत्तर ३: प्रवेशाचे नियम आत्ताच लिहा. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढावी लागते. फी नाही, धर्मशिक्षण नाही. मराठी विषय जरूर शिकवा, पण शाळा फक्त मराठी मुलांची ठेवता येणार नाही.

प्रश्नकर्ता: सोडतीचं लक्षातच नव्हतं. आभार!