रोजच्या वापराला पातळ घड्याळ: नवं क्वार्ट्झ (सेलवरचं) की जुनं चावीचं?

रोजची लोकल
डोंबिवली ते सीएसएमटी, रोज. गर्दीत वरची कडी धरली की जाड घड्याळ बाहीत अडकतं आणि उतरताना दारातल्या खांबावर आपटतं. तीन वर्षांत दोनदा काच बदलली. पातळ हवं आणि दहा वर्षं तरी टिकावं. बाबांच्या हातात कायम एचएमटी असायचं, त्यामुळे ओढा जुन्याकडे आहे.

चावीवाला
ताई, जुनंच घ्या. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरात घड्याळं सुरू केली. त्यातलं 'जनता' आजही माझ्या हातात आहे. सकाळी चहा ठेवला की चावी द्यायची, अडली की थांबायचं. दिवसाला मिनिटभर इकडेतिकडे होतं, त्याने कुठलीही गाडी चुकलेली नाही. 'जनता' जरा फुगीर वाटलं तर 'सोना' बघा, ते पातळ असतं. काच अ‍ॅक्रिलिकची म्हणजे प्लास्टिकची, चरा पडला तर टूथपेस्ट लावून मऊ फडक्याने घासायचा, निघतो.

एका सेलवर
अजिबात पटलं नाही. तुमचं घड्याळ घरातलं आहे, ताईंना बाजारातून घ्यायचंय. मी एका विक्रेत्याकडून 'एकदम ओरिजिनल' म्हणून घेतलं होतं. भिंगाखाली धरलं तर तबकडी नव्याने रंगवलेली, खालची 'मेड इन इंडिया' अक्षरं फुगलेली आणि बाराच्या आकड्यासमोरची रेष सरकलेली. आत दोन घड्याळांचे भाग जोडलेले. पहिल्याच पावसात काचेच्या आतून वाफ धरली. पातळच हवं तर टायटन एज घ्या. २००२ साली आलं तेव्हा पूर्ण घड्याळ ३.५ मिमी आणि आतलं मशीन १.१५ मिमी होतं. सेल बदलायचा, बाकी बघायला लागत नाही.

घड्याळजींची लेक
ताई, काच चरे पडून खराब झाली की फुटली? सगळं त्यावर आहे. सफायर (कृत्रिम नीलमण्याच्या) काचेवर सहजी चरा पडत नाही, पण खांबावर कडेने आपटली तर तिचा टवका उडतो. अ‍ॅक्रिलिकवर चरे पडतात, पण ती सहसा फुटत नाही.

दुसरं, पातळपणाची किंमत मोजावी लागते. अतिपातळ घड्याळात काटे आणि काच यांच्यात जागाच उरत नाही. बाबांच्या टेबलावर अशी घड्याळं यायची, बाहेरून साधा पोचा आणि आत काटा घासून थांबलेला. अशा मशीनची दुरुस्ती कोपऱ्यावरच्या टपरीत होत नाही, बहुतेक वेळा अख्खं मशीन बदलावं लागतं. आणि घड्याळावर पाण्यासाठी ३० मीटर लिहिलं म्हणजे पोहायला चालतं असं नाही. हात धुताना, पावसाच्या शिंतोड्यांत ठीक. सेल बदलताना झाकणाची रबरी रिंग तपासायला सांगा, तिथूनच पाणी शिरतं.

रोजच्या लोकलला मी ७-८ मिमीचं स्टीलचं घेईन, ज्याची धातूची कड काचेपेक्षा केसभर वर आहे.

एका सेलवर
रिंगेचं मान्य. पण एचएमटीचे कारखाने बंद झालेत. सुटे भाग दुसरं घड्याळ मोडूनच मिळणार ना?

चावीवाला
मिळतात ना अजून! लाखो घड्याळं बनली आहेत. अनोळखी माणसाकडून ऑनलाइन घेऊ नका, हे मात्र तुमचं बरोबर. झाकण उघडून मशीन दाखवेल त्याच्याकडूनच घ्यावं.

रोजची लोकल
दोन्ही वेळा फुटलीच होती, चरे नव्हते. आज आईला विचारलं. बाबांचं घड्याळ कपाटात आहे, पंधरा वर्षं बंद. चावी देऊन बघू का?

घड्याळजींची लेक
नका देऊ! आतलं तेल वाळून चिकट झालं असेल, तसंच चालवलं तर दाते झिजतात. आधी उघडून सफाई आणि ऑइलिंग करून घ्या. काच अ‍ॅक्रिलिकचीच बसवा आणि तबकडीला हात लावू देऊ नका, डाग असले तरी.