मदत हवी आहे: ‘नुसतं खेळवता, लिहायला कधी शिकवणार?’ पालकांना काय सांगावं?

चार ते पाच वर्षांच्या मुलांचा वर्ग आहे, लवकरच पालकसभा आहे. वही कोरी का, अंक शंभरपर्यंत का येत नाहीत आणि पहिलीत मागे पडेल का, हे तीन प्रश्न ठरलेले. मेंदूच्या वाढीबद्दल बोललं की पालक माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गृहपाठ मागतात. नेमकं काय करावं?

प्रतिसाद १
व्याख्यान नकोच. अंकांसाठी पालकांना घरी एवढंच करायला सांगा: वाटीभर मणी ठेवून मुलाला म्हणा, ‘मला सात दे.’ वीसपर्यंत घडाघडा म्हणणारं मूलही पुष्कळदा मूठभर उचलून देतं, नाहीतर मोजतच सुटतं, सातावर थांबत नाही. एका मण्याला एकच अंक आणि शेवटचा अंक म्हणजे एकूण संख्या, हे वस्तू हाताळूनच पक्कं होतं. दुकान-दुकान खेळताना ‘चार बटाटे द्या’ म्हणता ते यासाठीच, हे मग वेगळं समजवावं लागत नाही. सभेत मात्र मुलांची परीक्षा घेऊ नका, पालक लगेच तुलना करतात.

प्रतिसाद २
लिखाणासाठी सभेतच टेबलं मांडा: मळलेली कणीक, चिमट्याने मणी उचलणं, कागद फाडून चिकटवणं. पालकांना प्रत्येक टेबलावर पाच-सात मिनिटं बसवा. शेजारी चिठ्ठी ठेवा: ‘अंगठा आणि दोन बोटांची पकड. पेन्सिलीला हीच लागते.’ बोटांत ताकद नसताना गिरवायला लावलं की मूल बरेचदा पेन्सिल मुठीत धरतं, हात लवकर दुखतो आणि ती सवय पुढे मोडणं अवघड जाऊ शकतं.

कोऱ्या वहीऐवजी प्रत्येक मुलाची फाइल ठेवा. महिन्यातून एक चित्र, त्यावर तारीख आणि मूल त्याबद्दल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत. फोटोखाली ‘ठोकळे खेळताना’ लिहू नका, ‘दोन छोटे ठोकळे एका मोठ्याएवढे, हे जुळवून पाहिलं’ असं लिहा.

प्रश्नकर्ती
आणि पहिलीचं?

प्रतिसाद १
‘काळजी करू नका’ म्हणू नका, काळजी रास्त आहे. पहिलीत लागणाऱ्या गोष्टी सांगा: गोष्ट शेवटपर्यंत ऐकणं, दोन सूचना लक्षात ठेवणं, ‘कमळ’मधला पहिला आवाज ओळखणं. प्रत्येकीसमोर तुमचा कोणता खेळ आहे ते लिहून द्या. एखाद्या गोष्टीसमोर खेळच सापडला नाही, तर सभेआधी आठवड्याच्या आखणीत तो घाला.