गावठी पिल्लांना विकतचं स्टार्टर (पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य) हवंच का?

वसईची वाडी
गावठी पिल्लांना ब्रॉयलरचं २२-२३ टक्के प्रथिनांचं खाद्य घालणं म्हणजे पैसे उकिरड्यावर टाकणं. दुकानदार मात्र तेच गळ्यात मारतात. निम्मं स्टार्टर, निम्मी तांदळाची कणी, वर थोडा जवळा. बाकी किडामुंगी अंगणात मिळतेच.

पेंडवाला
ब्रॉयलरचं नको, इथवर मान्य. पण हिशेब करा. लेअर चिक स्टार्टरमध्ये (अंड्यांच्या जातीच्या पिल्लांच्या खाद्यात) २० टक्के प्रथिनं, कणीत जेमतेम ८. निम्मं-निम्मं केलं की १४ उरतात. पहिल्या आठ आठवड्यांत १८ ते २० लागतात. शिवाय पक्षी ऊर्जेची गरज भागली की खाणं आवरतं घेतो. कणीत ऊर्जा भरपूर, म्हणजे प्रथिनं पोटात जायच्या आतच चोच थांबते. पिल्लू भरल्यासारखं दिसतं, पण पंख उशिरा फुटतात आणि एकमेकांची पिसं उपटणं सुरू होतं. कणीने जीवनसत्त्वं आणि खनिजंही पातळ होतात. स्टार्टर कॉक्सीच्या, म्हणजे रक्ती हगवणीच्या, औषधाचं असेल तर औषधही निम्मं. मुंबईच्या जुलैत, ओल्या तुसावर, मग ती हगवण ठरलेली.

वसईची वाडी
म्हणूनच तर जवळा. सुक्या जवळ्यात साठेक टक्के प्रथिनं असतात.

उत्तनकर
प्रथिनं नायट्रोजनवरून मोजतात; त्या साठातला काही नायट्रोजन कवचाचा, तो अंगी लागत नाही. १०० किलोला ५ किलो घातला तरी गाडी कागदावर १६ च्या आसपासच पोचते. त्यात मिठाचा माल निघाला तर पिल्लं पाणी पीत सुटतात, हगवण लागते, काही दगावतातही. पावसात दमट झालेला, बुरशीचा वास येणारा जवळा तर घालूच नका. आणि किडामुंगी वाडीत मिळेल हो, पेव्हर ब्लॉकच्या अंगणात काय टिपणार?

पेंडवाला
स्वस्तातच करायचं तर घरी मिसळा: मक्याचा भरडा ६० किलो, सोया पेंड ३५. उरलेल्या ५ किलोत डायकॅल्शियम फॉस्फेट, चुनखडी, जीवनसत्त्व-खनिज मिश्रण, मीठ ३०० ग्रॅम आणि मेथिओनिन (प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल) २०० ग्रॅमपर्यंत; सोयात तेच कमी पडतं. प्रथिनं २१ टक्क्यांच्या आसपास, ऊर्जा किलोला साधारण २७५० किलोकॅलरी. मीठ, मेथिओनिन आधी २-३ किलो भरड्यात कालवून घ्या, नाहीतर एकाच कोपऱ्यात राहतं. कच्चं सोयाबीन दळून घालू नका, न भाजलेल्यात प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो. आणि शिल्लक आहे म्हणून लेअरचं, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं, खाद्य तर नकोच, त्यातला ३-३.५ टक्के कॅल्शियम पिल्लांची मूत्रपिंडं बिघडवतो.

वसईची वाडी
मेथिओनिन २०० ग्रॅम सुटं कोण देतं इथे? दहा पिल्लांसाठी क्विंटल कालवायचं, मग पावसाळाभर त्याला बुरशी. आई कोंबडीसोबत मोकळी फिरणारी पिल्लं असतील तर सहाव्या आठवड्यापासून एक तृतीयांश कणी चालते, या मतावर मी ठाम आहे.

पेंडवाला
एक तृतीयांश कणी म्हणजे १६ टक्के. सहाव्यानंतर, वाडी मोठी असेल आणि सोबत खनिज मिश्रण असेल, तर हरकत नाही. पहिल्या दिवसापासून निम्मी, याला विरोध कायम. आणि क्विंटल कशाला? हेच प्रमाण १० किलोवर आणा, पंधरवड्यात संपेल एवढंच कालवा.