कॅम्परव्हॅनमध्ये कोणता अग्निशामक ठेवावा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर करून घेतली. मागे आडवा पलंग, मध्ये ओटा, ओट्याखाली ५ किलोचा गॅस सिलिंडर, बाकाखाली लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि इन्व्हर्टर. मी, बायको, नववीतली मुलगी आणि बाबा असे चौघे फिरतो. बाबांना दमा आहे. हे आधीच सांगतो, कारण माझं गाडं तिथेच अडलंय.

दिवाळीत गुहागरला सुरूच्या बनाजवळ मुक्काम होता. भजी तळताना कढईतल्या तेलाने पेट घेतला. बायकोने शेगडी बंद करून कढईवर परात उपडी घातली, म्हणून निभावलं. मी तोवर ड्रायव्हरच्या सीटखाली अडकलेला १ किलोचा अग्निशामक ओढत होतो. हातात आला तेव्हा पाहिलं, आतला दाब दाखवणारा काटा लाल पट्ट्यात. दाबला असता तरी काही निघालं नसतं. ओट्यापासून वीतभर अंतरावर पडदा होता. त्या रात्री मी जागाच होतो.

आता नवीन घ्यायचा आहे. दुकानदार म्हणतात एबीसी पावडर घ्या, सगळ्या आगींना चालते. पण बंद गाडीत पावडर उडाली की समोरचं दिसत नाही म्हणतात, आणि बाबांच्या छातीत ती गेली तर? एकाने सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूचा) सुचवला, मागे काही उरत नाही म्हणून. दुसरा म्हणतो क्लीन एजंट घ्या, म्हणजे पावडरऐवजी मागे काही न उरणारं रसायन भरलेला. त्याची किंमत बरीच आहे, पण बाबांसाठी तेच बरं असेल तर घेईन.

पावडर की सीओटू, किती किलोचा, आणि लावायचा कुठे? बॅटरीसाठी वेगळं काही लागतं का? उन्हाळ्यात स्पितीला जायचंय, त्याआधी हे मार्गी लावायचं आहे.

प्रतिसाद १

दादा, मी चाकणला एका कारखान्यात सेफ्टीचं काम बघतो.

सीओटू झोपायच्या गाडीत नको. हिशेब करा. २ किलो सीओटूचा साधारण १.१ घनमीटर वायू होतो. तुमच्या गाडीची आतली जागा १०-१२ घनमीटर असेल. दारं बंद असताना पूर्ण सिलिंडर मारला तर हवेत १० टक्क्यांच्या आसपास सीओटू जाईल. त्यात माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. दम्याच्या माणसाला सीओटू सोपा पडेल हा समज मनातून काढा. शिवाय त्याने गादी-पडद्याची आग वरवर विझते, आतला निखारा राहतो आणि पुन्हा पेटते.

तुम्हाला एबीसी पावडरच घ्यावी लागेल. गादी, डिझेल, गॅस, वायरिंग, सगळ्याला चालते आणि वीज वाहून नेत नाही. २ किलोचा घ्या, आयएसआय मार्क आणि आयएस १५६८३ हा नंबर बघून. १ किलोचा आठ-दहा सेकंदांत संपतो, नवख्या माणसाचा निम्मा नेम धरण्यातच जातो. क्लीन एजंट पावडरीसारखा पसारा करत नाही, पण एवढ्या पैशांत दोन पावडरचे आणि एक फायर ब्लँकेट (आगीवर झाकायचं, न जळणारं कापड) येईल. मी तेच करीन.

कढईसाठी मात्र ब्लँकेटच. पेटलेल्या तेलावर जवळून पावडर किंवा सीओटूचा झोत मारला तर तेल उसळून पसरतं. पाणी तर कधीच नाही. वहिनींनी जे केलं तेच बरोबर होतं. आधी गॅस बंद, मग झाकण, आणि थंड होईपर्यंत उचलायचं नाही.

बॅटरी आतून तापत गेली तर पावडरने ज्वाळा दबतात, उष्णता जात नाही. तिथे शौर्य नको. सगळ्यांना घेऊन लांब जा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. बॅटरीच्या प्लसवर फ्यूज आहे ना, तो आजच तपासा. गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे त्याचा अलार्म जमिनीलगत लावा. धुराचा छताला.

जागा सर्वांत महत्त्वाची. एक सरकत्या दाराला लागून, बाहेर उभं राहून हात पोचेल असा. दुसरा ड्रायव्हरच्या हाताशी, सीटखाली नको. शेगडीच्या वर तर नकोच, आगीतून हात घालून काढावा लागेल. बाबांना आधी बाहेर काढायचं, मग दाराकडे पाठ ठेवून आगीच्या बुडाशी मारायचं. एका सिलिंडरात विझली नाही तर गाडी सोडून द्यायची.

प्रतिसाद २

वरच्या दादांना अनुमोदन. आम्ही नागपूरचे, आमच्याकडे ओम्नी आहे. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत किती तापतं ते विचारू नका. सिलिंडरच्या लेबलवर तापमानाची मर्यादा छापलेली असते, ती वाचून घ्या आणि काचेतून ऊन येईल तिथे लावू नका. स्पितीसाठी खालचा आकडाही बघा.

गाडीच्या हादऱ्यांनी पावडर बुडाशी दबून बसते. मी दर महिन्याला पट्टा काढून सिलिंडर उलटा-सुलटा करते आणि काटा हिरव्यात आहे का बघते. कोकणात फिरता तर नळी आणि पिनेवर गंज चढलाय का तेही बघा. प्लॅस्टिकचा स्टँड नको, धातूचा पट्ट्याचा घ्या, अपघातात तोच सिलिंडर डोक्यात बसेल.

मूळ धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. २ किलोचे दोन आणि एक ब्लँकेट आणलं. ब्लँकेट ओट्याच्या बाजूला, दाराकडच्या अंगाला लटकवलंय. फ्यूज बॅटरीपासून दीड हात लांब होता, तो अगदी जवळ घेतला.

काल रात्री दिवे बंद करून सगळ्यांना पलंगावरून बाहेर पडायला लावलं. मुलगी झटकन उतरली. बाबांना चाळीस सेकंद लागले, कारण वाटेत आमचा बर्फाचा डबा होता. तो आता छतावर गेला. मागचं दार आतून उघडत नव्हतं हेही कालच कळलं, उद्या गॅरेजला नेतोय.

एक राहिलं. भरलेला २ किलोचा हातात साडेतीन किलोच्या आसपास भरतो, बाबांना एका हाताने पेलत नाही. त्यांच्या उशाशी १ किलोचा वेगळा ठेवू का?

प्रतिसाद १

नको दादा. उशाशी टॉर्च, शिटी आणि इन्हेलर ठेवा. त्यांनी शिटी मारायची आणि मागच्या दाराने उतरायचं. दार मात्र उद्याच करून घ्या.