बगॅसोसिस दोन याद्यांच्या फटीत

कुणीतरी म्हटलंय, कामामुळे होणाऱ्या रोगांची आपली यादी पुरेशी आहे, फक्त अंमलबजावणी हवी. मला पटत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहिता येईपर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीत डॉक्टरांनी सरकारला कळवायचे 29 रोग होते. सिलिकोसिस (सिलिका धुळीने होणारा फुफ्फुसाचा रोग) होता, त्यामुळे कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांना, म्हणजे धातूच्या ओतकामातल्या कामगारांना, आधार मिळत होता. पण बगॅसोसिस, म्हणजे बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) बुरशीयुक्त धुळीने होणारा फुफ्फुसाचा रोग, नव्हता! कामगारांच्या भरपाईच्या 1923 च्या कायद्यात (तोही तेव्हाच बदलला) तो होता, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2010 च्या यादीतही आहे. म्हणजे भरपाई मागता येत होती, पण डॉक्टरवर कळवण्याचं बंधन नव्हतं.

कोल्हापुरात साखर कारखाने एवढे, म्हणून हे फार टोचतं. साठवलेला, बुरशी लागलेला कोरडा बगॅस हलवला की चार-आठ तासांनी ताप, खोकला, धाप. न्यूमोनिया समजून औषध दिलं जातं. केसपेपरवर ‘जुना बगॅस हाताळला, अमुक तारखेला’ एवढं तरी लिहाच.