मदत हवी आहे: हेडलाइटचा एक बल्ब बदलायला अख्खा बंपर उतरवायचा?

तांबडमाती:

नमस्कार मंडळी,

गाडीच्या डाव्या हेडलाइटचा लो बीम गेलाय. चार मीटरच्या आतली टर्बो पेट्रोल एसयूव्ही, २०२१ची. नाव मुद्दाम देत नाही. इथे एकदा कंपनीचं नाव आलं की मूळ प्रश्न राहतो बाजूला आणि ‘माझी गाडी भारी की तुझी’ सुरू होतं. मॉडेल कळल्याशिवाय सांगता येत नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कळवते.

बल्ब साधा एच-७, ५५ वॅटचा हॅलोजन. चिपळुणात साडेतीनशेला मिळाला, घरात आणून ठेवलाय. अडलंय ते लावण्यापाशी. बॉनेट उघडलं की डाव्या हेडलाइटच्या बरोब्बर मागे बॅटरी, तिला चिकटून फ्यूज बॉक्स आणि दोघांच्या वरून एअर फिल्टरकडे जाणारा जाडजूड प्लॅस्टिकचा पाइप. बल्बवरचं गोल झाकण मोबाइलच्या टॉर्चमध्ये दिसतं, बोटांची टोकंही पोचतात, पण ते फिरवायला मनगट वळत नाही. मॅन्युअल काढलं. त्यात कुठला बल्ब किती वॅटचा याचा सुबक तक्ता आहे, आणि बदलायचा कसा तिथे ‘अधिकृत डीलरशी संपर्क साधावा’ एवढं एकच वाक्य. चाक बदलायला मात्र चित्रांसकट पानंच्या पानं.

डीलर रत्नागिरीला. फोनवर म्हणाले, बंपर उतरवून हेडलाइट पूर्ण बाहेर काढावा लागतो, मजुरी १,८०० अधिक जीएसटी, सकाळी गाडी सोडून जा. म्हणजे साडेतीनशेच्या बल्बसाठी दोन हजारांच्या वर मजुरी, वर रत्नागिरीची फेरी आणि एक रजा. आमच्या इथल्या मेकॅनिकनी वाकून पाहिलं, हात घालून पाहिला आणि सांगितलं, “ताई, बंपर काढीन मी, पण आतल्या क्लिपा तुटल्या तर इकडे मिळत नाहीत. शिवाय सेन्सरच्या वायरी आहेत. मागाहून मला बोलायचं नाय.” त्यांचं काही चुकलं नाही.

एअर फिल्टर, प्लग, बॅटरी ही कामं मी आजवर अंगणातच करत आले. वडिलांच्या ८०० मध्ये तर इंजिनाच्या बाजूने खालची जमीन दिसायची, एखादा नट हातातून निसटला तर सरळ खाली पडायचा आणि सापडायचा. या गाडीत पडलेला नट खालच्या प्लॅस्टिकच्या पत्र्यात जाऊन बसतो आणि वळणावर खुळखुळत राहतो.

कराडला सासूबाई असतात, त्यामुळे कुंभार्ली घाट टळत नाही. पाऊस, धुकं, त्यात एकच दिवा. समोरच्या ट्रकवाल्याला मी मोटरसायकल वाटते आणि तो तेवढीच जागा सोडतो.

चाकाच्या बाजूने हात घालता येतो असं ऐकलंय, कोणी स्वतः केलंय का? बाहेर काम केलं तर वाढीव वॉरंटी जाते का? आणि दुकानदार म्हणतोय एलईडी टाका, पुन्हा कटकट नको. ऐकू का त्याचं?

घाटमाथा:

ताई, बंपरला हात लावू नका. बऱ्याच गाड्यांत चाकाच्या कमानीतून वाट असते. तुमच्यातही असावी, झाकण कोणत्या दिशेला तोंड करून आहे त्यावरून वाटतंय.

डावा दिवा आहे तर स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवा. डाव्या चाकाचा पुढचा भाग आत जातो आणि कमानीत पुढे जागा होते. मग इंजिन बंद, हँडब्रेक, दिवे बंद, बल्ब गार होऊ द्या. चाकावर काळं प्लॅस्टिकचं अस्तर असतं, लायनर म्हणतात. पुढच्या बाजूला त्याला दोन-चार क्लिपा आणि एखादा स्क्रू. क्लिपच्या मधली टिकली चपट्या स्क्रू ड्रायव्हरने आधी वर उचकटा, मग अख्खी क्लिप ओढा. टिकली न उचलता ओढली की तुटलीच. टिकलीभोवती चिखल वाळलेला असतो, त्यामुळे आधी पाण्याचा फवारा मारा आणि जुन्या टूथब्रशने घासा. तुमच्याकडची लाल माती तर सिमेंटसारखी बसते. त्याच मापाच्या क्लिपा आधीच आणून ठेवा. स्पेअर पार्टच्या दुकानात जुनी दाखवली की मिळते, फार महाग नसते.

लायनर पूर्ण काढायचं नाही, मागे दुमडून चाकामागे अडकवायचं. आता हात वर घाला. झाकण डावीकडे फिरवून निघतं. उघडलं की आधी मोबाइल आत धरून व्हिडिओ काढा, कारण पुढचं सगळं बोटांनी चाचपत करायचं आहे. कनेक्टर सरळ मागे ओढायचा, हलवून हलवून नाही. बल्ब तारेच्या स्प्रिंगने धरलाय की होल्डर फिरवून निघतो हे व्हिडिओत कळेल. नवीन बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तापलेल्या काचेवर डाग धरतं आणि बल्ब लवकर जातो. लागलंच तर स्पिरिटने पुसा. लांब बाह्यांचा शर्ट घाला, आतल्या पत्र्याच्या कडा सोलून काढतात.

झाकण परत घट्ट बसलं की नाही ते दोनदा तपासा. सैल राहिलं तर कोकणातल्या पावसात आठवडाभरात काचेला आतून वाफ धरेल.

भरदुपारचा_पुणेकर:

+१, आणि वाखूसा (वाचनखूण साठवली).

तुम्ही बल्बचं म्हणताय, मी बॅटरीचं सांगतो. डिझेल गाडी, सिग्नलला आपोआप बंद होणारी. बॅटरी गेली म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून साधी आणून बसवली, गाडी सुरू झाली, सगळे खूश. वर्ष पुरं व्हायच्या आत ती झोपली. मग कळलं की अशा गाड्यांना ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे सारखं बंद-चालू सोसणारी, बॅटरी लागते आणि निगेटिव्ह टर्मिनलवर जो छोटा डबा दिसतो तो चार्ज मोजणारा सेन्सर असतो. काही महागड्या गाड्यांत तर नवीन बॅटरी घातल्याचं कॉम्प्युटरला स्कॅनरने सांगावं लागतं! ऑइल मोजायची दांडी काढून टाकलेल्या गाड्याही आहेत. स्क्रीनवर म्हणे बघा.

मला वाटतं हे सगळं मुद्दाम आहे. गाडी विकून मिळतं त्यापेक्षा सर्व्हिसवर जास्त मिळत असेल.

चाकणचा_चाकरमानी:

मुद्दाम म्हणणं सोपं आहे. मी याच धंद्यात आहे, थोडी दुसरी बाजू मांडतो.

२००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल १,२०० आणि डिझेल १,५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना अबकारी सवलत मिळाली. तेव्हापासून सगळी धडपड ३,९९५ मिलीमीटरमध्ये बसण्याची. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या गाड्यांना १८ टक्के आणि मोठ्यांना ४० टक्के जीएसटी आहे, म्हणजे ही रेघ आणखी पक्की झाली. आता गिऱ्हाईकाला आत पाय पसरायला जागा हवी, डिकी हवी, बाहेरून एसयूव्हीचा तोरा हवा. जागा कुठून काढणार? बॉनेटखालून.

त्याच जागेत नियमही आले. समोरच्या आणि बाजूच्या धडकेचे निकष २०१७पासून नव्या मॉडेलना, २०१९पासून सगळ्यांना. पादचाऱ्याचं डोकं बॉनेटवर आदळलं तर लगेच लोखंड लागू नये म्हणून वर पोकळी सोडावी लागते, म्हणून सगळं खाली दाबलं जातं. १ एप्रिल २०२०ला आपण धुराच्या नियमांत बीएस-४वरून थेट बीएस-६वर उडी मारली. धूर साफ करणारा कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून इंजिनाला चिकटवून बसवतात, टर्बो आला की त्याचे पाइप आणि त्याची हवा गार करणारा इंटरकूलर आले. बॅटरीला कोपरा उरतो तो दिव्यामागचा.

आणि एक, जे कोणी उघड बोलत नाही. कारखान्यात पुढचा भाग, म्हणजे रेडिएटर, पंखा, वरची पट्टी, कधी दिवेसुद्धा, एकत्र जुळवून येतो आणि गाडीला पुढून लागतो. तिथे सेकंद मोजले जातात. दिवा बसवताना बंपर नसतोच, त्यामुळे लाइनवर कोणाचाच हात अडकत नाही. पाच वर्षांनी चिपळुणात कोणाचा अडकतो, तो आकडा त्या मीटिंगमध्ये नसतो.

तांबडमाती:

@चाकणचा_चाकरमानी, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आभार. जागेचं पटलं. पण मॅन्युअलमधल्या त्या एका वाक्याचं काय? कागदावर तर चार मीटरची मर्यादा नव्हती ना! वाट असेल तर दोन चित्रं छापायला काय हरकत होती? ‘डीलरकडे या’ हा जागेचा प्रश्न नाही, गिऱ्हाइकाला किती मानता त्याचा आहे.

चाकणचा_चाकरमानी:

यावर माझ्याकडे उत्तर नाही. बरोबर आहे तुमचं.

राइनकाठ:

इकडे जर्मनीत असतो म्हणून लिहितो. संयुक्त राष्ट्रांचा ४८ क्रमांकाचा दिव्यांचा नियम आहे. त्यात लिहिलंय की बल्ब गाडीसोबत दिलेल्या हत्यारांशिवाय दुसरं खास काही न वापरता बदलता आला पाहिजे आणि तो कसा बदलायचा याचं तपशीलवार वर्णन कंपनीनं गाडीबरोबर द्यायचं. म्हणजे ताईंची तक्रार तंतोतंत त्यातली आहे. भारत मात्र १९५८च्या ज्या कराराखाली हे नियम येतात त्यात नाही, त्यामुळे तिकडे तो थेट लागू होत नाही.

इकडेही सगळं आलबेल आहे असं समजू नका. ज्या दिव्यातला प्रकाशस्रोत बदलायचाच नसतो त्याला ही अट नाही, आणि नव्या एलईडी हेडलाइटचं बहुतेक तसंच. गेला की अख्खा दिवा बदला, मग किंमत ऐकून खाली बसा. निदान दर ऑक्टोबरमध्ये गॅरेजांत दिव्यांची फुकट तपासणी करून देतात, ती मात्र छान प्रथा आहे.

कायदेबाज_काका:

वॉरंटीबद्दल कोणी बोलेना म्हणून.

२५ ऑगस्ट २०१४ला स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटींचा दंड ठोठावला होता. कारण हेच: सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं. त्याच आदेशात असंही आहे की ‘बाहेर काम केलंत की वॉरंटी रद्द’ अशी सरसकट अट घालता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे बिघडलं तेवढ्यापुरतं ते नाकारू शकतात. कंपन्या अपिलात गेल्या, त्यामुळे हा कागद नाचवून काउंटरवर लगेच विजय मिळेल असं नाही. डिसेंबर २०२२मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत.

व्यवहारात एवढं करा. बल्बची पावती जपा, वायर कापू नका, आणि डीलरला ईमेलवर विचारा की बल्ब मी बदलला तर वॉरंटीच्या कुठल्या कलमाखाली अडचण येते. फोनवर छातीठोक बोलणारे लेखी द्यायची वेळ आली की मऊ होतात.

वॅटसम्राट:

एलईडीच टाका ताई. किंवा १०० वॅटचा हॅलोजन. घाटात दिवस उजाडल्यासारखं वाटेल.

घाटमाथा:

@वॅटसम्राट, कृपा करा. हॅलोजनच्या दिव्यातला आरसा किंवा भिंग त्या बारीक तारेच्या जागेवर बेतलेलं असतं. तिथे बाजारातला एलईडी घातला की प्रकाश फाकतो, तुम्हाला भारी वाटतं आणि समोरचा आंधळा होतो. धुक्यात तर उलटून तुमच्याच डोळ्यांत येतो. मागे पंखा असला की झाकण बसत नाही ते वेगळंच. १०० वॅटने होल्डर वितळलेले मी पाहिले आहेत. वायरिंग ५५साठी आहे, ५५च घाला.

मात्र एकदा लायनर उघडलंच तर उजवाही बदलून टाका. दोन्ही एकाच वयाचे आहेत, दुसरा फार मागे राहत नाही.

भरदुपारचा_पुणेकर:

अवांतर: यापुढे गाडी बघायला जाताना सेल्समनला आधी बॉनेट उघडायला सांगणार आहे. सनरूफ नंतर. “बल्ब बदलून दाखव, केबिन फिल्टर कुठे आहे दाखव, बॅटरी कशी निघते सांग.” मॅन्युअल बहुतेक कंपन्यांच्या साइटवर फुकट असतं. बुकिंगच्या आधी त्यातलं देखभालीचं प्रकरण वाचायचं आणि ‘डीलरशी संपर्क साधावा’ किती वेळा येतं ते बघायचं.

तांबडमाती:

मंडळी, डावा दिवा लागला!

घाटमाथा यांनी सांगितल्याप्रमाणे चाकाच्या कमानीतून. झाकण खरंच तिकडे तोंड करून होतं. क्लिपांमधली एक तुटली, पण नवी आणून ठेवली होती. स्प्रिंग तारेची निघाली आणि तीच खरी खोडी. ती सोडवायला सोपी, अडकवताना मात्र खाचेच्या बाजूने सटकते. आमच्या मेकॅनिकच्या मुलाची बोटं बारीक, त्याने बघता बघता अडकवली. तो आता विचारतोय की अशा गाड्या अजून कोणाच्या आहेत, त्याला धंदा दिसतोय.

भिंतीसमोर गाडी लावून पाहिली, दोन्ही झोत एका उंचीवर आहेत. डीलरला ईमेल टाकलाय, उत्तर नाही.

आता उजव्याचं सांगा. तिकडे लायनर दुमडलं तर समोर काच धुण्याच्या पाण्याची टाकी येते, अगदी झाकणाच्या आड. वरून बघितलं तर तिची मान, म्हणजे पाणी ओतायची नळी, दोन बोल्टांनी धरलेली दिसते, १०चा पाना लागेल असं वाटतंय. टाकी न काढता नुसती मान मोकळी करून बाजूला सरकवता येते का?

घाटमाथा:

येते, पण आधी टाकी रिकामी करा. पंप तिच्या तळाला रबरी बुचात बसवलेला असतो, भरलेल्या टाकीला हिसका बसला की तिथून गळायला लागतं. मान बऱ्याचदा दोन तुकड्यांत असते, वरचा तुकडा बोल्ट काढून फिरवत वर ओढला की निघतो. ओढण्याआधी पाइपची एखादी क्लिप तिला बांधलेली आहे का ते चाचपून घ्या. फोटो टाका, मग बघू.